कंट्रोल रूमला मॉनिटर आर्म: गॅस स्प्रिंग घ्यावा की पोलवाला?

व्हेंडरने मॉनिटर धरणाऱ्या आर्मची, गॅस स्प्रिंगचे (आतल्या गॅसच्या दाबावर वजन तोलणारे) आणि साधे पोलवाले (उभ्या खांबावर आवळून बसवलेले), अशी दोन कोटेशनं समोर ठेवलीयेत आणि डोकं चालत नाहीये, असं असेल तर मी त्यातून गेलोय. वडोदऱ्याला नंदेसरीच्या बाजूला आमचा प्लांट, मी इन्स्ट्रुमेंटेशनला. एक कन्सोल, म्हणजे ऑपरेटरचं स्क्रीनवालं टेबल, गॅस स्प्रिंगवर आहे, दुसरा पोलवर. मुद्दाम तुलना करायला नाही घेतले, बजेट दोन तुकड्यांत आलं म्हणून तसं झालं. वेसा (मॉनिटरच्या मागच्या भोकांमधलं अंतर) 75 की 100 मिमी, एम4 चे पेच वगैरे तुम्हाला माहितीच असणार, त्यात शिरत नाही.

गॅस स्प्रिंग पहिल्या दिवशी सगळ्यांनाच आवडतो. एका बोटाने स्क्रीन वर-खाली, डेमोवाला तेवढंच करून दाखवतो आणि साहेब लोक खूश. घरी घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, दांडिया बाजारच्या घरी माझ्या टेबलावर तोच आहे आणि काही तक्रार नाही.

पण घरी बसणारा मी एकटा. इथे खुर्ची एक आणि तीन शिफ्टची माणसं. ए शिफ्टचे भाई सहा फुटी, ते आल्या आल्या स्क्रीन वर ढकलणार, बी शिफ्टवाला चष्म्यामुळे पुढे ओढणार, सीवाला खुर्ची मागे टाकून बसतो म्हणून परत वाकवणार. सहज हलतो म्हटल्यावर हलवणारच ना, त्यांची काय चूक. सहा-आठ महिन्यांत काय झालं, तर आर्म जागेवर राहतो पण स्क्रीन मान टाकते. मागच्या प्लेटजवळ जो टिल्टचा, म्हणजे स्क्रीन झुकवायचा, सांधा असतो तो सैल पडतो, आणि सकाळी सरळ केलेली अलार्मची स्क्रीन दुपारपर्यंत कीबोर्डकडे बघत असते. "साहेब, आ तो पाछी नमी गई", हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की फोनवर नुसतं "साहेब" म्हटलं तरी मी ॲलन की उचलतो. कमी आवळलं तर संध्याकाळी परत फोन, जास्त आवळलं तर सांधा इतका घट्ट की लोक स्क्रीनची कड धरून जोर लावतात, एका मॉनिटरची खालची पट्टी अशीच उचकटली. शेवटी कोणीतरी जुन्या लॉगशीटची घडी करून सांध्यात खोचली. लाखांचा कन्सोल, आणि अलार्मची स्क्रीन कागदाच्या घडीवर उभी! मला तरी पुढच्या वेळेला नको हे तिथेच ठरलं.

आता खरं सांगायचं तर टिल्टचा सांधा पोलवाल्यालाही असतो, जवळपास तसाच. फरक एवढाच की तिथे उंची बदलायची तर मागे जाऊन खांबावरची कॉलर (आवळायची कडी) सैल करावी लागते, त्यामुळे कोणी हात लावत नाही आणि सांधा टिकतो. आळसाचा असा उपयोग होतो. मग बुटका-उंच माणूस आला तर? खुर्ची वर-खाली होते की. आणि मुख्य म्हणजे अलार्म लिस्ट रोज त्याच जागी असते, रात्री तीनला काही ट्रिप झालं, म्हणजे आपोआप बंद पडलं, की मान आपोआप तिकडेच वळते, शोधावी लागत नाही.

पोलचे त्रास नाहीत असं नाही. लावताना अर्धा दिवस गेला, कारण दोन कंपन्यांचे मॉनिटर असले की मागची भोकं वेगवेगळ्या उंचीवर येतात आणि कडा एका रेषेत येत नाहीत, म्हणून आर्मच्या डोक्यापाशी, जिथे मॉनिटर बसतो तिथे, थोडी बारीक उंची सेट करता येते का ते आधी विचारा. स्क्रीनची वरची ओळ टेबलावर थाप पडली की डुलते. आमच्या टेबलाची कड गोल होती, तिच्यावर क्लॅम्प बसेना, मकरपुऱ्यातून एक जाड प्लेट बनवून घ्यावी लागली. मागे भिंत जवळ असेल तर मात्र दोन्ही प्रकारांत मोजून घ्या, दुमडलेल्या आर्मचा कोपर मागे बाहेर येतो.

मांडणी करताना एकच केलं, शिफ्टमधल्या सगळ्यात बुटक्या ऑपरेटरला बसवलं आणि हात लांब करायला सांगितला. मुख्य ग्राफिक (प्लांटचं चित्र) आणि अलार्म हाताच्या अंतरावर समोर, वरची कड डोळ्याच्या जरा खाली. ट्रेंड (आकड्यांच्या चढउताराचे आलेख) बाजूला, आणि दोन्ही बाजूंच्या स्क्रीन थोड्या आत वळवलेल्या. सीसीटीव्ही वरच्या ओळीत, खाली झुकवलेला, तिकडे कोण सारखं बघतं. केबल सांध्यापाशी सैल सोडा, आम्ही ताणून बांधली होती आणि एकदा गॅसवाला हात कोणी पुढे ओढला तर सरळ नो सिग्नल.

गॅस स्प्रिंगच घ्यायचा असेल, साहेबांना आवडलाच असेल, तर मॉनिटरचं वजन स्टँड काढून मोजा, आर्मला कमीत कमी वजनाचीही मर्यादा असते आणि हलका मॉनिटर लावला तर तो आपोआप वर चढत जातो. मॉनिटर काढताना आर्म सगळ्यात वरच्या टोकाला नेऊन मग पेच सोडा, खाली असताना सोडलात तर मोकळा आर्म उसळून तोंडावर येतो. आणि ॲलन की कन्सोललाच दोरीने बांधून ठेवा. आमच्या गॅसवाल्याला बांधलीये. पोलवाल्याची माझ्या ड्रॉवरमधे आहे बहुतेक, बघावी लागेल.