जहाजावरून आतषबाजी : स्वतःची बाल्कनी की वरचा खुला डेक?

नववर्षाच्या रात्रीची गोव्याच्या किनाऱ्यावरची आतषबाजी समुद्रातून पाहायची, असे ठरवून जे आरक्षण करायला बसतात, त्यांच्यापुढे पहिला प्रश्न केबिनचा येतो. बाल्कनी असलेली महाग केबिन घ्यावी, की आतली, खिडकी नसलेली स्वस्त केबिन घेऊन मध्यरात्री सर्वांबरोबर वरच्या खुल्या डेकवर जावे? लागोपाठ दोन वर्षे मी हे दोन्ही करून पाहिले आहे. केबिनमधल्या सोयी, जेवण, दर यांची माहिती सगळीकडे मिळते, म्हणून त्याविषयी लिहीत नाही. मला सांगायचे आहे ते फक्त त्या मध्यरात्रीविषयी.

त्या वेळेला महत्त्व आहे, कारण ती फार थोडी असते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये नाताळ आणि नववर्षाच्या रात्री फटाके उडवण्यासाठी ११.५५ ते १२.३० एवढीच वेळ ठरवून दिली. म्हणजे आपण जे पैसे मोजतो, ते या पस्तीस मिनिटांसाठी. त्यात काही बिनसले, तर सावरायला वेळ उरत नाही.

बाल्कनीच्या बाजूने सांगण्यासारखे खरोखर पुष्कळ आहे. आईला गुडघ्यांचा त्रास असल्याने पहिल्या वर्षी आम्ही ती घेतली आणि संध्याकाळपर्यंत आम्हाला त्या निर्णयाचे समाधानच होते. खुर्ची आपली, शाल आपली, गर्दी नाही, आणि खोलीतला दिवा मालवला की बाहेर पूर्ण काळोख. हा शेवटचा मुद्दा मोठा आहे. आतषबाजीचे रंग डोळ्यांना भिडायचे असतील, तर जवळपास उजेड नको, आणि तो मालवण्याची मुभा बाल्कनीतच मिळते. डेकवर दिवे जळतच राहतात आणि संगीतही मोठ्याने चालू असते. बाल्कनीच्या छतामुळे वरचे औटगोळे दिसणार नाहीत, अशी शंका काही जण घेतात. ती मात्र मनातून काढून टाकावी. आम्ही गोव्यातल्या साखळी गावाजवळचे. विठ्ठलापूरला वाळवंटी नदीच्या काठावर त्रिपुरारी पौर्णिमेचे दारूकाम पाहताना मान अवघडेपर्यंत वर बघायची आम्हाला सवय. समुद्रातून दृश्य अगदी वेगळे असते. किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटर अंतरावर असताना दीडशे मीटर उंचीवर फुटणारा गोळाही हात लांब करून आडवी धरलेल्या दोन बोटांच्या उंचीत मावतो. सगळे काही क्षितिजालगत घडते, त्यामुळे छत आड येत नाही. केबिन खालच्या मजल्यावर असेल, तर बाल्कनीखाली जीवरक्षक नौका टांगलेली नाही ना, एवढे मात्र विचारून घ्यावे.

आता ज्या एका गोष्टीने माझे मत फिरवले, ती सांगतो. आमच्या जहाजाने दुपारी कांदोळीसमोर नांगर टाकला. केबिन जहाजाच्या उजव्या बाजूला होती. संध्याकाळी वायव्येकडून खारा वारा वाहत होता आणि जहाजाची नाळ, म्हणजे पुढचे टोक, त्या वाऱ्याकडे होती, त्यामुळे आमच्या बाल्कनीसमोर किनाऱ्यावरचे दिवे ओळीने लागलेले दिसत होते. आईने खुर्ची कठड्याशी ओढून घेतली आणि आम्ही निश्चिंत झालो. पण नांगरलेले जहाज एका जागी असले, तरी एका दिशेला नसते. एकाच नांगरावर उभे असलेले जहाज वारा आणि प्रवाह यांच्या ओढीने त्या नांगराभोवती फिरत राहते, आणि अशा उंच भिंतीसारख्या जहाजावर वाऱ्याचाच जोर बहुधा अधिक चालतो. डिसेंबरात रात्र चढू लागली, की जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, खारा वारा पडतो आणि जमिनीकडून मतलई वारा सुटतो. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. मलाही लागायला नको होते. साडेदहानंतर जहाज इतके सावकाश वळले, की पेल्यातले पाणीसुद्धा हलले नाही. अकराला मी बाल्कनीत आलो, तेव्हा समोर कांदोळी नव्हती. नाळ पूर्वेला, थेट किनाऱ्याकडे झाली होती आणि आमची उजवी बाजू दक्षिणेला. डावीकडे पुढे आग्वादच्या टेकडीची काळी रेघ, दूर मुरगावाकडे थांबलेल्या मालवाहू जहाजांचे दिवे, आणि बाकी सगळा समुद्र.

बारा वाजले. शेजारच्या बाल्कनीच्या आडभिंतीवर लाल-हिरवा उजेड पडत होता आणि साधारण नऊ सेकंदांनी त्याचा आवाज येत होता. कठड्यावरून वाकून मान वळवली, तर एखाद्या गोळ्याची कड दिसायची. आईला वाकणे शक्य नव्हते. ती एवढेच म्हणाली, "अरे, आवाज तर येतो आहे, मग दिसत का नाही?" तिला उचलून वर नेण्याइतका वेळ नव्हता, आणि लिफ्टपाशी गर्दी होती. त्या प्रश्नाचे मला आजही वाईट वाटते. विशेष म्हणजे, डाव्या बाजूची केबिन घेतली असती, तरी आमचे नशीब फारसे पालटले नसते. नाळ किनाऱ्याकडे असताना दोन्ही बाजूंच्या बाल्कन्या किनाऱ्याला समांतर बघतात, समोरासमोर कोणतीच नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही आतली केबिन घेतली आणि साडेअकरालाच वरच्या डेकवर पुढच्या बाजूला, वारा अडवणाऱ्या काचेपाशी जागा धरली. जहाज कोणत्या दिशेला वळले आहे, हे तिथे दोन मिनिटांत कळते आणि चार पावले चालून आपणही वळता येते. माझ्या मते डेकचा सगळा लाभ या एका गोष्टीत आहे. त्या रात्रीही मतलई वारा होता, नाळ पुन्हा पूर्वेला होती, आणि सिकेरीपासून बागा किनाऱ्यापर्यंतची सगळी किनारपट्टी एका नजरेत आली. गैरसोयी होत्याच. गाणी कर्कश होती, मागच्या माणसांचे हात डोक्यावरून पुढे येत होते, आणि आईसाठी मागवलेली खुर्ची शेवटपर्यंत आली नाही, तिने अर्धा वेळ माझ्या खांद्याला धरून पाहिले. वाऱ्याबरोबर धूरही समुद्रावर, म्हणजे आमच्याच दिशेला येत होता आणि सव्वाबारानंतरचे गोळे त्याच्या पडद्याआडून धूसर दिसत होते. पण हे बाल्कनीतही चुकले नसते. धूर नको असेल, तर जमिनीवरच, वारा पाठीशी राहील अशी उंचवट्याची जागा शोधावी. तो निराळा बेत झाला. छायाचित्रांचे म्हणाल, तर दोन्हीकडे सारखेच. जहाज किंचित डुलत असते, त्यामुळे तिकाटण्यावर कॅमेरा लावूनही उजेडाच्या रेषा फरफटतात.

माझा अनुभव दोनच रात्रींचा आहे, आणि वारा दर वर्षी तसाच वागेल असे मी म्हणणार नाही. जहाज त्या रात्री मुरगावच्या धक्क्याला बांधलेले असणार असेल, तर हिशेबही बदलतो. बांधलेले जहाज वळत नाही, त्यामुळे धक्क्याच्या विरुद्ध बाजूची, म्हणजे पाण्याकडची बाल्कनी मागून घेता येते आणि झुआरी नदीच्या मुखापलीकडची दोनापावलाची बाजू दिसण्याची बरीच खात्री राहते. कांदोळी-कळंगुटकडचे दारूकाम मात्र आग्वादच्या टेकडीआड जाते. ज्यांना फार वेळ उभे राहणे जमत नाही, त्यांनी अशा वेळी बाल्कनीचाच विचार करावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते. म्हणून आरक्षण करताना "किनारा कोणत्या बाजूला दिसेल?" असे विचारू नये, त्याचे उत्तर आम्हालाही मोठ्या खात्रीने मिळाले होते. "मध्यरात्री जहाज धक्क्याला असेल, नांगरावर असेल की चालू असेल?" असे विचारावे. उत्तर "नांगरावर" असे आले, तर बाल्कनीचे जादा पैसे मी तरी पुन्हा भरणार नाही.

यंदा आम्ही आतल्या दोन केबिन सांगून ठेवल्या आहेत. आईसाठी घडीची खुर्ची घरूनच आणली तर चालेल का, एवढी विचारणा केली आहे, आणि त्याचे उत्तर यायचे आहे.