ग्लॉक १९: नऊ महिने आणि दोन हजार काडतुसांनंतर

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी आजोबांची बाराबोअर होती. निवडणूक जाहीर झाली की ती कापडात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकाल लागल्यावर परत यायची. आम्हा पोरांना तिला हात लावायची सोय नव्हती. तेल लावायचं काम चालू असलं की लांबून बघायचं, एवढाच माझा बंदुकीशी संबंध. त्यामुळे टेक्सासात अकरा वर्षं काढून, ग्रीन कार्ड हातात पडल्यावर मी ग्लॉक १९ (९ मिमीचं पिस्तूल) घेतली तेव्हा पाटी अगदी कोरी होती. आता नऊ महिने झालेत. हे लिहायचं कारण म्हणजे ओळखीतल्या तिघांनी एकच प्रश्न विचारला, ‘घेतल्यावर वरून काय काय बसवायचं?’ मी म्हटलं, काही नको, काडतुसं घ्या. तिघांचाही चेहरा पडला.

खरेदीचं थोडक्यात सांगतो. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, मग दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेत तुमची पार्श्वभूमी तपासून घेतो. एच-१बीवाल्यांनी मात्र आधी नीट चौकशी करावी. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर त्या व्हिसावर बंदूक घेणंच काय, जवळ बाळगणंही संघीय कायद्यात बसत नाही. आणि फॉर्मवर खोटं उत्तर देणं हा वेगळा गुन्हा आहे.

माझी ग्लॉक पाचव्या पिढीची, म्हणजे या मॉडेलच्या पाचव्या आवृत्तीची. मॅगझिनमध्ये १५ काडतुसं बसतात. रिकाम्या मॅगझिनसकट वजन पावणेसातशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आईच्या पोळपाटापेक्षा हलकी. दिसायला काही खास नाही, आणि चाप पहिल्यांदा ओढला तेव्हा जाड गठ्ठ्यावर स्टेपलर दाबल्यासारखं वाटलं. दुकानदाराला तसं म्हणालोही. तो म्हणाला, ‘हजार गोळ्या उडव, मग बोल.’ मी ऐकलं नाही, आणि त्याची किंमत मोजली. ते पुढे येईलच.

आधी काडतुसांचं. खोक्यावर ११५, १२४, १४७ ग्रेन असे आकडे असतात. मी ते दारूचं प्रमाण समजत होतो. ते असतं नुसत्या गोळीचं, म्हणजे पुढच्या धातूच्या तुकड्याचं वजन. ११५ ग्रेन म्हणजे साधारण साडेसात ग्रॅम. सरावाला तांब्याचं पूर्ण आवरण असलेली साधी ११५ किंवा १२४ ग्रेनची घ्या, पितळी पुंगळीची (पुंगळी म्हणजे काडतुसाचं मागचं नळकांडं). इथल्या बऱ्याच बंदिस्त रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, तुमच्या काडतुसाला आधी लोहचुंबक लावून बघतात. चिकटलं, म्हणजे त्यात पोलाद आहे, तर ते आत नेता येत नाही. स्वस्तात मिळाली म्हणून ऑनलाइन पाचशे मागवली आणि काउंटरवरूनच परत फिरलो, तेव्हा हे कळलं. दुबार भरलेली काडतुसंही नवख्याने टाळावीत. दोष काडतुसाचा, पिस्तुलाचा की आपल्या हाताचा, हे ओळखायची नजर अजून आलेली नसते.

माझीही आलेली नव्हती. दुसऱ्याच दिवशी रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या जागी उभी अडकली, धुराड्यासारखी. दर मॅगझिनला एकदा तरी. पिस्तूल सदोष निघालं असं ठरवून मी तक्रारीचा ईमेलही लिहून ठेवला. मग रेंजवरच्या प्रशिक्षक बाईंनी तेच पिस्तूल, तीच काडतुसं घेऊन १५ बार काढले. एकही अडकलं नाही. त्या म्हणाल्या, ‘मनगट सैल आहे तुझं.’ बार निघाला की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे जाते तेव्हा खालची चौकट घट्ट धरलेली हवी. हातही तिच्याबरोबर मागे गेला तर स्लाइडला पुरता जोर मिळत नाही आणि पुंगळी निघता निघता सापडते. पकड सुधारली तसा हा प्रकार बंद झाला. ईमेल अजून ड्राफ्टमध्ये आहे.

घरात भरून ठेवायची काडतुसं वेगळी, टोकाला खळगा असलेली. आत शिरताना ती पसरतात, त्यामुळे आरपार जाऊन भिंतीपलीकडच्या माणसाला लागण्याचा धोका कमी होतो. कमी होतो म्हणतोय, संपत नाही. या जातीच्या गोळ्यांचं जुनं नाव ‘डमडम’, कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यावरून पडलेलं. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी आली, पण इथे पोलीस आणि नागरिक दोघेही सर्रास वापरतात. ही महाग असतात, म्हणून लोक एक खोकं घेतात, भरतात आणि विसरतात. मी शंभर उडवून बघितली. खिशाला चटका बसला, पण आपल्या पिस्तुलात ती न अडकता चालतात की नाही हे दुसऱ्या कशानेच कळत नाही. आणखी एक, तेच काडतूस रोज काढून रोज परत नळीत भरू नका. दरवेळी थोडा मार बसून गोळी पुंगळीत आत सरकत जाते आणि उडवताना दाब धोकादायक वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभं करून उंची बघितली की फरक डोळ्यांना दिसतो.

आता वरून बसवायच्या गोष्टी. स्टेपलरसारखा चाप सहन न होऊन मी दुसऱ्याच महिन्यात हलक्या चापाचा एक संच मागवला. कंपनीचं नाव सांगत नाही, चूक माझीही होती. व्हिडिओ बघून स्ट्रायकरची, म्हणजे काडतुसावर आदळणाऱ्या पिनची, स्प्रिंगही बदलून हलकी बसवली. चाप लोण्यासारखा झाला. पण रेंजवर पन्नासातली दोन काडतुसं नुसतीच ‘टक’ करून गप्प बसली. अशा वेळी नळी समोरच धरून तीस सेकंद थांबायचं, काडतूस उशिरा उडू शकतं. ते तीस सेकंद फार लांब असतात. काढून पाहिलं तर काडतुसाच्या मागच्या टोपीवर पिनचा ठसा अगदी उथळ. घरी येऊन मूळ भाग परत बसवले. आता दोन हजारांनंतर तो मूळ चाप मला जड वाटत नाही, आणि ‘टक’ पुन्हा ऐकू आलेलं नाही.

एकच बदल पैसे वसूल करणारा ठरला, तो म्हणजे नेम धरायला स्लाइडवर असतात ते ठोकळे (साइट्स). मूळचे प्लास्टिकचे असतात, काम चालतं, पण अंधारात काहीच दिसत नाही. त्याजागी अंधारात आपोआप उजळणारे ट्रिटियमचे बसवून घेतले. बॅटरी लागत नाही, मात्र बारा-साडेबारा वर्षांत उजेड निम्म्यावर येतो. बसवायला कारागिराकडेच द्या, हातोडी घेऊन बसू नका. नळीखाली लावायचा दिवा मी मुद्दाम घेतला नाही. रात्री खडखडाट झाला की आधी कोण आहे ते बघायचं असतं, आणि दिवा पिस्तुलावर असेल तर बघताना नळीही त्याच माणसावर रोखली जाते. तो आपलाच मुलगा पाणी प्यायला उठलेला असू शकतो. साधा हातातला टॉर्च बरा. स्लाइडच्या मागे बसणारी ‘जय भवानी’ कोरलेली पट्टी एका मित्राने भेट दिली. उपयोग शून्य, पण काढवत नाही.

ज्याला कोणी सुधारणा म्हणत नाही त्यावर मी सगळ्यात जास्त खर्च केला: भिंतीला बोल्टने जखडलेली तिजोरी. टेक्सासात १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं गुन्हा आहे, पण माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, मला कायद्याची आठवण लागत नाही. आई आली तेव्हा तिजोरी बघून म्हणाली, ‘दागिने करायला लागलास की काय?’ सांगितल्यावर दोन दिवस बोलली नाही.

कानांचं हयगय न करता बघा. बंदिस्त रेंजवर मी आत बोळे आणि वर मफ, दोन्ही घालतो. परतल्यावर साबण लावून थंड पाण्याने हात धुतो आणि कपडे वेगळे टाकतो, कारण शिशाची धूळ अंगावर येते आणि घरात लहान मूल आहे.

राहिली पिशवी. डिसेंबरात मुंबईला निघताना बायकोने लॅपटॉपसाठी माझी रेंजची काळी पाठपिशवी काढली, का तर तिला कप्पे जास्त. उलटी करून झटकली तर पुंगळी पडली आणि तिच्यामागोमाग एक जिवंत ९ मिमी काडतूस. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बाळगणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, आणि ९ मिमी तर सामान्य नागरिकाला परवान्यावरही मिळत नाही. बायको काही बोलली नाही. काडतूस डायनिंग टेबलावर उभं करून ठेवलं आणि साड्या भरायला गेली. ती पिशवी आता गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेली असते, रेंजशिवाय कुठेही जात नाही.