बिलात ॲम्प्लिफायर दुरुस्त, डिकीत जसाच्या तसा

‘आउटपुट आयसी ४ नग, कपॅसिटर ६ नग, बोर्ड सर्व्हिस, मजुरी.’ कंपनीतूनच वेगळा ॲम्प्लिफायर (स्टिरिओचा सिग्नल मोठा करून स्पीकरला देणारा डबा) बसून आलेल्या एका जुन्या सेडानचं हे बिल. तक्रार साधी होती: स्टिरिओचा डिस्प्ले चालू, पण एकाही स्पीकरला आवाज नाही. गाडी परत मिळाली तेव्हा गाणी वाजत होती, म्हणून मालकाने पैसे देऊन टाकले. पुढे आवाज वाढवला की तो मध्येच तुटायला लागला, पुढचा एक ट्वीटर (वरचे, बारीक सूर वाजवणारा छोटा स्पीकर) गेला, आणि गाडी काही दिवस उभी राहिली की बॅटरी उतरायला लागली.

दुसऱ्या ठिकाणी डिकीचं साइड पॅनेल काढलं तेव्हा बिंग फुटलं. ॲम्प्लिफायर जागेवर, स्क्रू घट्ट. आतल्या बोर्डावर मात्र जुनी धूळ एकसारखी बसलेली. कुठे ताज्या सोल्डरची चमक नाही की फ्लक्सचा (सोल्डर करताना लावायच्या रसायनाचा) डाग नाही. आउटपुट आयसी (स्पीकरला ताकद देणारी चिप) बदलायचा तर हीटसिंकची, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याची, क्लिप सोडवावी लागते, जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी लागते. इथली पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. म्हणजे आयसी बदलणं दूरच, त्यांना कुणी हातही लावलेला नव्हता.

आवाज येत होता तो डॅशबोर्डमागे फोममध्ये गुंडाळून कोंबलेल्या एका बोर्डातून. टीडीए ७२९७ आयसीचा, दोन चॅनेलचा, बाजारात सुटा मिळणारा बोर्ड. हा आयसी ८ ओहमच्या स्पीकरसाठी आहे. गाडीतले स्पीकर ४ ओहमचे, आणि पुढचा-मागचा एकाच चॅनेलवर पॅरलल जोडला की उरतात २ ओहम. आयसी तापतो, स्वतःला वाचवायला बंद होतो, थंड झाला की परत सुरू होतो. आवाज तुटत होता तो यामुळे. ट्वीटरला फक्त वरचे सूर पाठवणारा क्रॉसओव्हर मूळ ॲम्प्लिफायरच्या आत होता. तोच वगळल्यावर बेससकट सगळा सिग्नल ट्वीटरवर गेला आणि कॉइल जळाली. शिवाय बोर्डाला सप्लाय दिला होता किल्ली काढल्यावरही चालू राहणाऱ्या वायरवरून. रात्रंदिवस करंट ओढला जात असेल तर बॅटरी उतरणारच.

सगळ्यात संतापजनक गोष्ट म्हणजे ॲम्प्लिफायर बिघडलेलाच नव्हता. टेललॅम्पच्या फाटलेल्या गॅस्केटमधून डिकीत पाणी झिरपत होतं आणि कनेक्टरमधली रिमोटची (ॲम्प्लिफायरला जागं करणाऱ्या वायरची) पिन हिरवी पडली होती. स्टिरिओ सुरू झाला की या वायरवर १२ व्होल्ट येतात आणि ॲम्प्लिफायर जागा होतो. १ अँपिअरचा फ्यूज लावलेल्या जंपरने बॅटरीचा प्लस त्या पिनवर दिला आणि जळालेला ट्वीटर सोडून सगळे स्पीकर वाजायला लागले. खरी दुरुस्ती एवढीच: पिन बदलणे आणि गॅस्केट नवं घालणे.

अशी फसवणूक पचते, कारण गिऱ्हाईक फक्त आवाज आला का एवढंच बघतं. गाडी ताब्यात घेताना आवाज कमी ठेवून गाणं लावा आणि ॲम्प्लिफायरचा फ्यूज उपसायला सांगा. एक-दोन सेकंदांत आवाज थांबला पाहिजे. गाणं चालूच राहिलं तर ॲम्प्लिफायर वगळलेला आहे, मग बिलात काहीही लिहिलेलं असो. (काही गाड्यांत पुढचे स्पीकर थेट स्टिरिओवर आणि फक्त वूफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर, ॲम्प्लिफायरवर असतो, तिथे निदान वूफर तरी गप्प व्हायला हवा.) फ्यूज हातात आलाच आहे तर त्यावरचा आकडाही बघून घ्या. २५ अँपिअरच्या जागी ४० चा बसवून ‘आता उडत नाही’ म्हणणारे आहेत. शॉर्ट तसाच राहतो आणि पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते.

ॲम्प्लिफायर काढून न्यायच्या आधी तीन मोजमापं तुमच्यासमोर व्हायला हवीत, तीही कनेक्टर लावलेला आणि स्टिरिओ चालू असताना. प्लसवर बॅटरीइतकेच, म्हणजे इंजिन बंद असताना १२.५ च्या आसपास व्होल्ट. ॲम्प्लिफायरची अर्थची वायर आणि बॅटरीचा मायनस यांच्यात ०.१ व्होल्टपेक्षा कमी. जास्त आले तर अर्थचा बोल्ट गंजलाय किंवा सैल झालाय. आणि रिमोटवर जवळपास बॅटरीइतकेच. यातलं एक जरी चुकलं तरी आधी वायरिंग बघायचं, बोर्ड नंतर. ऑप्टिकल केबलच्या गाड्यांत ॲम्प्लिफायर बहुतेकदा केबलमधल्या प्रकाशानेच जागा होतो, त्यामुळे तिथे रिमोटची वायर शोधत बसू नका.

बाहेरून बसवलेल्या मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये फसवायची जागा वेगळी. तिथे बऱ्याचदा पॉवर सप्लायचे मॉसफेट (मोठा करंट झपाट्याने चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) खरोखरच शॉर्ट होतात. फ्यूज लावताक्षणी उडतो तो त्यामुळे. पॅरलल जोडलेल्यांपैकी जळालेला एकच बदलून बाकी जुने तसेच ठेवले, किंवा गेटचे (मॉसफेटला चालू-बंदचा इशारा देणाऱ्या पायाचे) रेझिस्टर तपासले नाहीत, तर नवा मॉसफेटही फार टिकत नाही. त्यात आयआरएफझेड ४४ एनसारख्या नंबरचे नकली मॉसफेट बाजारात सर्रास मिळतात: वरची छपाई हुबेहूब, आतली चिप छोटी. नुसतं गाणं लावलं तर ते तासभर निघतात, खरे नाहीत हे जोरात बेस वाजवल्यावर कळतं. दुरुस्तीनंतर पहिला सप्लाय फ्यूजच्या जागी १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब लावून द्यायला सांगा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. पूर्ण तेजाने जळत राहिला तर शॉर्ट अजून आत आहे.

काम देण्याआधी बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, सिरीयल नंबर लिहून घ्या, केसच्या एका स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. ठिपका न फुटता बिलात आयसी बदलल्याचं आलं, तर पुढे बोलायची गरज उरत नाही. बदललेले जुने पार्ट परत हवेत हे काम देतानाच सांगा, नंतर ‘कचऱ्यात गेले’ हेच उत्तर मिळतं. स्टिरिओचा कोडही आधी शोधून ठेवा: कोड असलेल्या जुन्या स्टिरिओंत बॅटरीची वायर काढली की तो पुन्हा मागितला जातो, आणि ‘सिस्टीम लॉक झाली’ म्हणत वेगळे पैसे लावले जातात. कोड सहसा गाडीच्या मूळ कागदपत्रांतल्या कार्डावर असतो.