एमआयटी रीप: प्रादेशिक टीमनं हा कार्यक्रम घ्यावा का?

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा ‘रीजनल आंत्रप्रेन्युअरशिप ॲक्सिलरेशन प्रोग्रॅम’, म्हणजेच प्रदेशात उद्योजकता वाढवण्याचा ‘रीप’ हा कार्यक्रम, २०१२ मध्ये सुरू झाला. यात प्रवेश मिळतो तो एखाद्या स्टार्टअपला नव्हे, एखाद्या प्रदेशाला. प्रदेशाची टीम सुमारे दोन वर्षं काम करते. ठरावीक अंतरानं काही दिवसांच्या कार्यशाळा होतात आणि मधल्या महिन्यांत टीमनं आपल्या भागात परतून नेमून दिलेलं काम करायचं असतं. फी आणि प्रवासखर्च टीमनंच उभा करायचा. आमचं मत आधीच सांगतो. प्रदेश उद्योजकतेत कुठे कमी पडतो याचं नेमकं निदान करणं आणि योग्य माणसं एका टेबलाशी आणणं, या दोन गोष्टींत रीप उत्तम आहे. पण दोन वर्षं संपल्यावर काम कुणी चालवायचं, याची सोय तो करून देत नाही. ती प्रदेशानं आधीच केली नसेल, तर एवढा खर्च करू नये.

सगळ्यात भक्कम बाजू म्हणजे टीमची रचना. हेन्री एट्झकोविट्झ आणि लॉएट लेडेसडॉर्फ यांनी १९९० च्या दशकात मांडलेल्या ‘ट्रिपल हेलिक्स’ या नवनिर्मितीच्या सिद्धांतात सरकार, विद्यापीठ आणि उद्योग असे तीन घटक होते. रीपच्या टीममध्ये पाच असतात: सरकार, विद्यापीठ, मोठ्या कंपन्या, जोखीम भांडवल (नव्या कंपन्यांत शेअर घेऊन पैसा घालणारे) आणि उद्योजक. कागदावर फरक किरकोळ वाटतो, पण बैठकीचा नूरच त्यानं पालटतो. पहिले तिघेच असले की चर्चा अनुदान, जागा आणि सामंजस्य करार यांच्यापुढे सरकत नाही. ज्याचा स्वतःचा पैसा बुडू शकतो आणि ज्याला पुढच्या महिन्याचे पगार द्यायचे आहेत, अशी माणसं समोर बसली की ‘यातून पहिली ऑर्डर कुणाला मिळणार?’ हा प्रश्न निघतोच.

मात्र याच पाच खुर्च्या भरताना सर्वाधिक घोळ होतो. जोखीम भांडवलाच्या जागी बँकेचा अधिकारी बसवला जातो. तो तारण पाहून कर्ज देणारा. शेअरच्या बदल्यात पैसा घालण्याची सवय त्याला नसते. त्या जागी स्वतः किमान चार-पाच स्टार्टअपमध्ये पैसे घातलेला एंजल गुंतवणूकदार किंवा फंड चालवणारी व्यक्तीच हवी. उद्योजकाच्या जागी नव्या कंपन्यांना जागा आणि मदत देणाऱ्या इन्क्युबेटरचा संचालक येतो, तोही पगारदारच. विद्यापीठातर्फे कुलगुरूंचं नाव दिलं जातं. ते पहिल्या कार्यशाळेला येतात आणि पुढे दरवेळी नवा प्रतिनिधी पाठवतात. कंपनीतर्फे सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारी विभागाचा माणूस येतो, पण नव्या पुरवठादाराला संधी द्यायची की नाही हे खरेदी किंवा संशोधन विभाग ठरवतो. टीमच्या म्होरक्याला रीपमध्ये ‘चॅम्पियन’ म्हणतात. तो सरकारी अधिकारी असला तर एका बदलीनं काम थांबतं. म्हणून चॅम्पियन खासगी क्षेत्रातला घ्यावा, आणि सरकारकडून दोघे घ्यावेत: एक सही करणारा, एक फाइल हलवणारा.

निदानाची चौकट सोपी आहे आणि म्हणूनच टिकाऊ आहे. प्रदेशाच्या दोन क्षमता वेगवेगळ्या मोजायच्या. एक नवनिर्मितीची, म्हणजे नव्या कल्पना घडवून त्या वापरात आणण्याची. दुसरी उद्योजकतेची, म्हणजे कंपनी काढून ती वाढवण्याची. प्रत्येकीसाठी माणसं, पैसा, पायाभूत सुविधा, मागणी आणि संस्कृती-प्रोत्साहनं अशा पाच बाजू तपासायच्या. म्हणजे एकूण दहा रकाने झाले. यातून जे दिसतं ते अनेकदा अनपेक्षित असतं. एखाद्या भागात संशोधक आणि पेटंट भरपूर, पण कंपनी विकून मोकळा झालेला, आता दुसऱ्यांना वाट दाखवू शकेल असा उद्योजक मात्र एकही नाही. रीपच्या पहिल्या तुकडीतल्या स्कॉटलंडचा पेच याच जातीचा होता: विद्यापीठीय संशोधन दमदार, पण त्यातून उभ्या राहून मोठ्या होणाऱ्या कंपन्या त्या मानानं कमी. अशा ठिकाणी आणखी एक प्रयोगशाळा काढून काही साधत नाही.

रकाने भरताना एक सापळा आहे. प्रादेशिक आकडे मिळत नाहीत म्हणून टीम राष्ट्रीय आकडे चिकटवतात आणि निदान तिथेच फसतं. त्यापेक्षा कंपनी नोंदणीच्या दप्तरातून स्वतःचा तक्ता बनवावा. होर्हे गुझमान आणि स्कॉट स्टर्न या संशोधकांनी २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ही पद्धत मांडली होती. नोंदणीच्या वेळच्या खुणांवरूनच, म्हणजे कंपनीचं नाव छोटं आहे का, त्यात मालकाचं आडनाव आहे का, ट्रेडमार्क किंवा पेटंट घेतलंय का, यांवरून तिची वाढण्याची शक्यता त्यांनी अंदाजली. हे काम दोन हुशार विद्यार्थी एका सत्रात करू शकतात. त्यासोबत किमान तीस मुलाखती घ्याव्यात, आणि त्यांतल्या निम्म्या तरी प्रदेश सोडून गेलेल्या उद्योजकांच्या असाव्यात. कार्यक्रम एवढा आग्रह धरत नाही; तो धरायला हवा असं आम्हाला ठामपणे वाटतं, कारण जो निघून गेला त्याच्याइतकं स्पष्ट कुणीच बोलत नाही.

एमआयटीतले बिल ऑलेट आणि फियोना मरे यांनी २०१३ मध्ये एक भेद ठसवला होता, आणि रीपचा पाया तोच आहे. स्थानिक बाजारासाठी चालणारा लघुउद्योग वेगळा आणि नव्या कल्पनेवर उभा राहून दूरच्या बाजारपेठांवर डोळा ठेवणारा उद्योग वेगळा. पहिल्याला पैसा लवकर फळतो, नोकऱ्या लगेच दिसतात, वाढ एका पायरीवर थांबते. दुसरा आधी पैसा खातो, तोट्यात जातो आणि टिकलाच तर झपाट्यानं वाढतो. दोघांना एकाच योजनेत कोंबलं की पहिल्या वर्षीच्या नोकऱ्या मोजून दुसऱ्याला नापास केलं जातं. हा भेद समजून घेतला तरी निम्मी सरकारी योजनापत्रकं नव्यानं लिहावी लागतील.

रणनीतीच्या टप्प्यावर कार्यक्रम प्रदेशाचं तुलनात्मक बलस्थान निवडायला लावतो. इथं टीमचा धीर सुटतो. कुणाला नाराज करायचं नाही म्हणून शेती, आरोग्य, ऊर्जा, पर्यटन, सगळंच यादीत येतं. दोनपेक्षा जास्त क्षेत्रं लिहिलेली दिसली की निवड झालेलीच नाही असं समजावं. पुढे प्रत्यक्ष उपक्रम ठरवताना हमखास हॅकेथॉन (एक-दोन दिवसांत तोडगा बनवून दाखवण्याची चढाओढ) किंवा स्पर्धा पुढे येते, कारण ती तीन महिन्यांत उरकते आणि फोटो चांगले येतात. जिंकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कुणाकडे जायचं हे ठाऊक नसेल तर स्पर्धेचा उपयोग शून्य.

त्याऐवजी एमआयटीतल्याच दुसऱ्या एका सेवेची पद्धत उचलावी. तिथली ‘व्हेंचर मेंटॉरिंग सर्व्हिस’ २००० पासून चालू आहे आणि ती एका उद्योजकासमोर एकच नव्हे, अनेक मेंटॉर, म्हणजे अनुभवी मार्गदर्शक, एकत्र बसवते. त्यांच्यात मतभेद झाले की उद्योजकाला स्वतः निर्णय घ्यावा लागतो, आणि एखाद्याचा हेका चालत नाही. ही पद्धत राबवताना तीन नियम लेखी हवेत: मेंटॉर मोबदला घेणार नाही, गुंतवणूक करायची असेल तर आधी मेंटॉरपद सोडेल, आणि बैठकीत ठरलेली कामं दोन दिवसांत सगळ्यांना पाठवली जातील. पंधरा मेंटॉर आणि दहा उद्योग एवढ्यावर सुरुवात होते. ही बसवायला इमारत लागत नाही. वेळापत्रक सांभाळणारी एक पूर्णवेळ व्यक्ती लागते.

त्या पूर्णवेळ व्यक्तीपाशीच रीपची उणीव उघडी पडते. टीममधले सगळे आपापली नोकरी सांभाळून येतात. शेवटची कार्यशाळा झाली की अहवाल उरतो आणि तारखा देणारं, पाठपुरावा करणारं कुणी नसतं. एमआयटी हे पद निर्माण करून देत नाही, पगारही देत नाही.

म्हणून अर्ज करण्याआधी हातात काय हवं? दोन ते तीन जणांच्या कार्यालयाचा पाच वर्षांचा खर्च, तोही किमान दोन वेगवेगळ्या स्रोतांतून लेखी कबूल केलेला. पाचही खुर्च्यांवरच्या माणसांची सगळ्या कार्यशाळांना स्वतः येण्याची हमी. आणि प्रदेशाची हद्द अशी की सगळे सकाळी निघून, भेटून, संध्याकाळी घरी परततील. हे जमत असेल तर रीप जरूर घ्या. जमत नसेल तर फीचा पैसा त्या कार्यालयावर लावा आणि दहा रकान्यांचं निदान स्वतः करा. रीपमधल्या प्राध्यापकांनी या चौकटीवर लिहिलेले निबंध मोफत वाचायला मिळतात, आणि पहिल्या वर्षासाठी ते पुरतात.