हाऊसिंगचं तेल: अकरा महिने, ५२ हजार किलोमीटर आणि जिन्याखालची बादली

गेल्या एप्रिलमध्ये तुळजापूरच्या घाटात माझ्या सहा चाकी ट्रकचं क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या एक्सलमधली चाकं फिरवणारी दातेरी जोडी, गेलं. होटगीकडून सिमेंट भरून गाडी लातूरला निघाली होती. ड्रायव्हर आठ दिवस सांगत होता, "मालक, मागून कुंई करूलालीय, पाय काढला की गप बसतीय." मी म्हटलं, ही खेप टाकून ये, मग बघू. बघायची वेळ घाटातच आली. ओढून आणायचं भाडं, क्राऊन-पिनियनचा सेट, बेअरिंगं, सील, मजुरी मिळून चाळीस हजाराला पाचशे कमी. ते पाचशेही मी तासभर घासाघीस करून वाचवलेले.

हाऊसिंग, म्हणजे या जोडीचं तेल भरलेलं घर, उघडलं तर पिनियनच्या दातांवर ओरखडे आणि कडांना निळसर झाक, म्हणजे चांगलंच तापलेलं. तेल मात्र काठोकाठ होतं. इथंच माझं डोकं फिरलं. तेल कमी पडलं असतं तर ड्रायव्हरला चार शब्द ऐकवून मोकळा झालो असतो.

सहा वर्षं मी ड्रममधलं सुटं 'एकशेचाळीस' नंबरचं गिअर ऑइल घालत होतो. आमचे मिस्त्री, म्हणजे चाचा, तेल बघायचे ते जिलेबीचा पाक बघतात तसं. अंगठा आणि बोटात धरून तार ओढायची. दोनतारी निघाली की तेल पास. मलाही ते पटायचं, दाट म्हणजे दमदार. या वेळी जुनी बिलं काढून बघितली. सगळ्यांवर नुसतं '१४०'. जीएल-४ की जीएल-५, एकाही बिलावर नाही.

९०, १४० हे आकडे फक्त दाटपणा सांगतात. दाताला किती संरक्षण आहे ते जीएलच्या पुढच्या आकड्यात असतं. मागच्या एक्सलची बहुतेक क्राऊन-पिनियनं हायपॉइड पद्धतीची असतात. पिनियन क्राऊनच्या मध्यावर नसतं, थोडं खाली बसवलेलं असतं. त्यामुळे दात नुसते दातावर टेकत नाहीत, दाबाखाली एकमेकांवरून घसरतात. घसरताना तेलाचा थर पुसला जातो, मग ते कितीही दोनतारी असो. तेव्हा कामाला येतात ती तेलातली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं. घर्षणाच्या उष्णतेनं ती धातूवर पातळ थर धरतात आणि दात दाताला चिकटत नाही. जीएल-५ मध्ये ही द्रव्यं भरपूर असतात. तो उग्र वास त्यांचाच.

नव्या सेटबरोबर ८० डब्ल्यू ९०, जीएल-५ ची सीलबंद बादली आणली. चाचांनी बोटात धरून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "मालक, पाणी टाकूलालाव व्हय?"

आता बादलीबद्दल, कारण माझा खरा राग तिच्यावर आहे. बादली २० लिटरची, माझ्या एक्सलला लागतं १३. उरलेल्या सातचं करायचं काय? तोटी इतकी आखूड की हाऊसिंगच्या भोकापर्यंत पोचतच नाही. हातपंप वेगळा घ्यावा लागला. सुटं तेल निदान मोजून मिळायचं! उरलेलं गिअरबॉक्समध्ये ओतावं असा बेत केला, तर चाचांनीच हात धरला. आमच्या गिअरबॉक्सला गाडीच्या पुस्तकात जीएल-४ आहे. आत गिअर सहज पाडणाऱ्या सिंक्रोच्या पितळी रिंगा आहेत आणि जीएल-५ मधलं गंधक गरम झालं की पितळाला खाऊ शकतं. पाकाच्या बाबतीत चाचा चुकले असतील, इथं त्यांनी मला मोठ्या खर्चातून वाचवलं. बादली घरी जिन्याखाली गेली. बायको म्हणाली, घरात काहीतरी मेलंय.

नवा सेट दात बसवताना कीस टाकतो, म्हणून पाच हजार किलोमीटरला दुसरी बादली आणून तेल बदललं. चुंबकाच्या प्लगवर मिश्रीसारखा काळा लेप होता, बोटावर चोळला तरी खर लागली नाही. हे चालतं. सुईसारखे तुकडे निघाले असते तर पुन्हा घाटातलीच गोष्ट. एक सांगून ठेवतो, खालचा प्लग उघडण्याआधी वरचा भरायचा प्लग सुटतोय का ते बघा. आमचा जाम होता. खालून आधी सोडलं असतं तर रिकामं हाऊसिंग घेऊन बसलो असतो.

ऑगस्टमध्ये मात्र मी या तेलाला शिव्या घातल्या. पिनियनच्या सीलला पाझर, डाव्या चाकाच्या हबमधूनही तेल, ब्रेकचे लायनर ओले, ब्रेक धरेना. चाचा काही बोलले नाहीत, नुसतं हसले. मीही तेव्हा इथं 'पातळ तेल घेऊ नका' असं लिहिणार होतो. मग चाचांनीच हाऊसिंगवरचा हवा सोडणारा ब्रीदर काढला. शेंगदाण्याएवढी वस्तू, काळ्या मातीनं सिमेंटसारखी बुजलेली. पावसात गाडी कांदा भरायला शेतात जात होती. एक्सल तापतो, आतली हवा फुगते, ब्रीदर बंद असला की ती सीलमधून वाट काढते आणि तेल सोबत आणते. ब्रीदर डिझेलमध्ये धुतला, सील आणि लायनर बदलले, एक लिटर तेल वर घातलं. त्यानंतर आजपर्यंत थेंब नाही. शिव्या परत घेतल्या.

थंडीत उसाची खेप केली, आवाज नाही. हाऊसिंगला हात लावून बघायची मला आता सवयच लागलीय.

८० डब्ल्यू ९० च सगळ्यांनी घ्या असं मात्र मी म्हणणार नाही. माझ्या गाडीच्या पुस्तकात ८५ डब्ल्यू १४० सुद्धा दिलंय, तेही जीएल-५ च. त्या 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा. ८५ ची परीक्षा उणे १२ अंशाला होते. आमच्याकडे सोलापुरात थंडी म्हणजे जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेत मफलर. मे महिन्यात पारा ४२ च्या वर, वर सिमेंट, पुढं घाट, म्हणजे १४० लाच माझं मत जातं. चाचांचा आकडा तसा बरोबरच होता, पुढची अक्षरं कुणी बघितली नाहीत.

पण दोन बादल्यांचं ४० लिटर. दोनदा तेरा गेलं, एक लिटर वर घातलं. जिन्याखाली बरोबर १३ उरलंय, घट्ट झाकणात, आणि तेल बदलायचे किलोमीटरही भरत आलेत. पाडव्याच्या आत ती बादली हलली नाही तर गुढीच्या काठीवर तीच उलटी घालीन, असं घरून सांगून झालंय. पुस्तकात दोन्ही चालतात. १४० पुढच्या वेळी.