होली अव्हेंजर, व्हॉर्पल की लक ब्लेड : एकच तलवार उचलायची असेल तर

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाची एखादी मोहीम दोन-तीन वर्षे टिकली, पात्रे पंधराव्या-सतराव्या पातळीला पोचली आणि डीएमचे, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचे, मन उदार झाले, की कोषागाराच्या दालनात तीन तलवारी मांडलेल्या असतात आणि त्यांतली एकच घेऊन बाहेर पडायची मुभा असते. हा प्रसंग इतक्या टेबलांवर घडतो की त्याला आता रिवाज म्हणायला हरकत नाही. २०१४ च्या नियमपुस्तकात ‘लेजेंडरी’ दर्जाच्या वस्तूसाठी सतरावी पातळी आणि ५०,००० सुवर्णनाण्यांहून अधिक किंमत सुचवलेली आहे. त्यामुळे अशी निवड एका पात्राच्या आयुष्यात बहुधा एकदाच करावी लागते आणि चुकली तर ती मोहीम संपेपर्यंत खुपत राहते. पुढचे सर्व आकडे याच २०१४ च्या नियमांचे आहेत. तुमच्या टेबलावर २०२४ चे पुस्तक चालत असेल, तर तलवारींची वर्णने आधी त्यातून वाचून घ्यावीत.

होली अव्हेंजर आणि व्हॉर्पल या दोन्ही तलवारी वाराच्या फाशाला आणि इजेला प्रत्येकी +३ देतात, लक ब्लेड मात्र +१ च देते. तिन्हींना ॲट्यूनमेंट, म्हणजे पात्राने जादूई वस्तूशी नाते जुळवणे, लागते आणि एका पात्राला एका वेळी तीनच वस्तूंशी ॲट्यूनमेंट ठेवता येते, म्हणजे घेणाऱ्याला आधीची एखादी आवडती अंगठी किंवा झगा सोडावा लागण्याची शक्यता असते. हे लक्षात न घेता तलवार उचलणारे खेळाडू मी पाहिले आहेत.

व्हॉर्पल तलवारीपासून सुरुवात करतो, कारण मत विचारले की टेबलावरचे निम्मे हात तिच्यासाठीच वर होतात. ‘व्हॉर्पल’ हा शब्द लुईस कॅरॉलने १८७१ साली छापलेल्या एका निरर्थ-कवितेतला आहे. तिथला नायक राक्षसाचे मुंडके घेऊन घरी परततो आणि खेळातही या तलवारीचे काम तेच आहे. वार करताना वीस बाजूंच्या फाशावर थेट २० पडले, की शत्रूचे एक मुंडके उडते आणि मुंडक्यावाचून त्याला जगता येत नसेल तर तो तिथेच मरतो. मग त्याचे हिट पॉइंट, म्हणजे जीव मोजणारे गुण, दहा उरलेले असोत किंवा अडीचशे, फरक पडत नाही.

आता शक्यतेचा हिशेब पाहू. एका वारात २० पडण्याची शक्यता ५ टक्के आहे. अकराव्या पातळीच्या फायटरला, म्हणजे लढवय्या वर्गाच्या पात्राला, एका फेरीत तीन वार मिळतात, म्हणून त्याच्यासाठी ती फेरीगणिक साधारण १४ टक्के होते आणि चार फेऱ्यांच्या लढाईत ४६ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे छापा-काट्याहून थोडी कमीच. चॅम्पियन प्रकारच्या फायटरचा १९ वरही क्रिट, म्हणजे इजेचे फासे दुप्पट करणारा वार, लागतो म्हणून ही तलवार त्याच्याच हाती शोभेल असा समज सर्रास आढळतो, पण नियमातला शब्द ‘क्रिट’ नसून ‘२०’ आहे. १९ ला इजेचे फासे दुप्पट होतील, मुंडके मात्र जागेवरच राहील. खरा लाभ ॲडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा धरायची सवलत, मिळवणाऱ्याचा आहे. रेकलेस अटॅक, म्हणजे बेफिकीर हल्ला, करणारा बार्बेरियन (रानटी योद्धा) दर वाराला दोन फासे टाकतो, त्यामुळे दोनच वार असूनही त्याची फेरीची शक्यता १८.५ टक्के होते आणि चार फेऱ्यांत ती ५६ टक्क्यांवर जाते. म्हणून ही तलवार घ्यायचीच असेल तर फायटरआधी बार्बेरियनचा विचार करावा, असे माझे मत आहे.

मात्र वर्णनाच्या शेवटी जी अपवादांची यादी दिली आहे, तिथे या तलवारीची अर्धी धार उतरते. शत्रूला मुंडके नसेल किंवा त्याची गरज नसेल, शत्रू धारदार शस्त्राच्या इजेपासून मुक्त असेल, तलवारीने मान कापता येऊ नये इतका प्रचंड आहे असे डीएम ठरवेल, किंवा त्याच्याकडे लेजेंडरी ॲक्शन, म्हणजे बड्या शत्रूंना इतरांच्या खेपेनंतर मिळणाऱ्या जादा कृती, असतील, तर मुंडके उडत नाही. त्याऐवजी आठ बाजूंच्या सहा फाशांची, म्हणजे सरासरी २७ ची, जादा इजा होते. दर वीस वारांत एकदा मिळणारे हे २७ सर्व वारांवर वाटले तर वारामागे दीडसुद्धा भरत नाहीत. क्रिट म्हणून फासे दुप्पट धरले तरी आकडा तीनच्या आतच राहतो. प्रौढ लाल ड्रॅगन आणि लिच, म्हणजे मेल्यावरही टिकून राहिलेला जादूगार, या दोघांकडेही लेजेंडरी ॲक्शन आहेत. ज्या शत्रूंसाठी मोहीमभर तयारी करायची, नेमक्या त्यांच्याच माना या तलवारीपासून सुरक्षित असतात.

आमच्या टेबलावर हे सगळे एकाच रात्री घडले. आम्ही बहुमताने व्हॉर्पल घेतली आणि आमच्या फायटरच्या हाती दिली. त्याच्या पहिल्या २० ला किल्ल्याच्या वेशीवरच्या एका झोपाळू पहारेकऱ्याचे मुंडके गेले, ज्याला साध्या सुरीनेही मारता आले असते. तीन तासांनी लिचसमोर पुन्हा २० पडले, सगळे खुर्च्यांवरून उठून ओरडले, आणि डीएमने पुस्तक उघडून लेजेंडरी ॲक्शनची ती ओळ शांतपणे, एकेक शब्द सुटा करून वाचली. त्यापुढच्याच खेपेस लिचने फायटरवर डॉमिनेट मॉन्स्टर हा ताबा मिळवणारा मंत्र टाकला. लिचच्या मंत्रांचा डीसी, म्हणजे मंत्र टाळायला गाठायचा आकडा, २० असतो आणि आमच्या गड्याचा विज्डम सेव्ह, म्हणजे मंत्र टाळायच्या फाशात मिळवायचा आकडा, जेमतेम +१ होता, म्हणजे १९ किंवा २० च पडायला हवे होते. ते पडले नाही. मग ती तलवार आमच्याकडे वळली आणि आम्हा चौघांकडे लेजेंडरी ॲक्शन नव्हत्या, हे वेगळे सांगायला नको. फासे आमच्या बाजूचे होते म्हणून वाचलो, पण पुढच्या दोन फेऱ्यांत त्याने वार करायला फासा उचलला की प्रत्येक जण नकळत स्वतःच्या गळ्याला हात लावत होता.

होली अव्हेंजरचा विचार याच प्रसंगापासून सुरू करावा. पॅलाडिनने, म्हणजे धर्मयोद्धा वर्गाच्या पात्राने, ही तलवार उपसून धरलेली असेल तोवर तो स्वतः आणि त्याच्या भोवतीच्या १० फुटांतले सगळे मित्र यांना मंत्रांविरुद्धच्या आणि इतर जादूई परिणामांविरुद्धच्या प्रत्येक सेव्हवर ॲडव्हान्टेज मिळते. सहाव्या पातळीनंतर पॅलाडिनचे स्वतःचे संरक्षक वलयही तितक्याच अंतरात सर्वांच्या सेव्हमध्ये त्याच्या करिझ्माचा (व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाचा) आकडा मिळवत असते. तो +५ धरला तर आमच्या फायटरला डीसी २० साठी १९ ऐवजी १४ पुरले असते आणि वर दोन फासे मिळाले असते. यश येण्याची शक्यता १० टक्क्यांवरून जवळजवळ ५८ टक्क्यांवर गेली असती. एकाच जागी उभे राहून, कोणतीही कृती खर्च न करता, साऱ्या गटाला इतके देणारे दुसरे शस्त्र त्या पुस्तकात मला दिसत नाही.

तिचा हा स्वभाव जुनाच आहे. १९७९ च्या नियमपुस्तकात ती पॅलाडिनच्या हाती +५ ची होती, भोवतीच्या पाच फुटांत जादूला ५० टक्के प्रतिकार देत होती आणि इतर कोणाच्या हाती गेली तर +२ ची साधी तलवार होऊन राहत होती. २०१४ च्या नियमांत ती इतरांच्या हाती +२ ची जादूई तलवारसुद्धा उरत नाही, कारण पॅलाडिनखेरीज कोणाचे ॲट्यूनमेंटच होत नाही. गटात पॅलाडिन नसेल तर हा पर्याय तिथेच संपतो. तेराव्या पातळीचा थीफ प्रकारचा रोग (‘rogue’, म्हणजे चोरटे पात्र) वर्गाची अट ओलांडू शकतो हे खरे, आणि तलवार कोणत्याही प्रकारची असू शकते म्हणून ती रेपिअर, म्हणजे सडपातळ टोकदार तलवार, निघाली तर त्याला चालतेही; पण १० फुटांच्या वलयासाठी शत्रूच्या तोंडाशी पाय रोवून उभा राहणारा रोग मी तरी पाहिलेला नाही.

इजेच्या बाबतीतही ती मागे पडत नाही, निदान ठरावीक शत्रूंपुढे. फीन्ड (सैतानी) किंवा अनडेड (मेल्यावरही हिंडणाऱ्या) वर्गातल्या शत्रूला लागलेल्या प्रत्येक वारामागे ती दहा बाजूंच्या दोन फाशांची, सरासरी ११ ची, तेजाची इजा वाढवते. सतराव्या पातळीचा, २० स्ट्रेंग्थचा, लाँगस्वोर्ड वापरणारा पॅलाडिन २६२ हिट पॉइंट आणि १९ एसी (वार लागायला गाठायचा आकडा) असलेल्या बॅलोर या सैतानासमोर उभा आहे असे धरू. त्याचे ८० टक्के वार लागतात. पॅलाडिनला प्रत्येक वाराला आपोआप मिळणारी जादा इजा धरून, होली अव्हेंजरने लागलेला वार सरासरी २८ चा आणि व्हॉर्पलने लागलेला १७ चा भरतो. क्रिट आणि मंत्रशक्ती खर्चून मारायचे स्माइट (पॅलाडिनचे जादा इजेचे वार) बाजूला ठेवले, तर दोन वारांची फेरी अनुक्रमे ४५ आणि २७ ची होते. होली अव्हेंजर सहाव्या फेरीत काम संपवते, व्हॉर्पलला नुसत्या इजेने दहावी फेरी लागते. बॅलोरकडे लेजेंडरी ॲक्शन नाहीत, त्यामुळे त्याचे मुंडके उडू शकते. पण त्या सहा फेऱ्यांतल्या बारा वारांत ते उडण्याची शक्यता ४६ टक्के आहे. म्हणजे व्हॉर्पलला अनुकूल असा सैतान मुद्दाम निवडूनही होली अव्हेंजरचेच पारडे जड राहते. (बॅलोर मरताना भोवतीच्या ३० फुटांत सरासरी ७० इजेचा स्फोट होतो, तेव्हा तो कोणत्याही तलवारीने मारला तरी जवळ उभे असल्याची किंमत मोजावीच लागते.)

तिच्या उणिवा मोजताना मात्र हात आखडू नये. शत्रू जायंट म्हणजे महाकाय कुळातला, मानवी सैन्यातला किंवा ड्रॅगन असेल, तर ते ११ मिळत नाहीत आणि ती फक्त एक चांगली +३ तलवार उरते. ड्रॅगनचा अग्निश्वास नियमांच्या अधिकृत स्पष्टीकरणानुसार जादूई परिणामांत मोडत नाही, त्यामुळे त्याविरुद्ध पॅलाडिनचे स्वतःचे वलय चालते पण तलवारीचे ॲडव्हान्टेज मिळत नाही. ड्रॅगनभोवती फिरणाऱ्या मोहिमेत हे फार मोठे उणेपण आहे. शिवाय १० फूट म्हणजे नकाशावरचे दोनच चौकोन. ६० फुटांवरून बाण सोडणाऱ्याला तिचा काडीचा उपयोग नाही, आणि गटाने दाटीवाटीने उभे राहायची सवय लावून घेतली तर शत्रूच्या फायरबॉलला आयते निमंत्रण जाते. वलय ३० फुटांचे होते ते पॅलाडिनच्या स्वतःच्या सतराव्या पातळीला. ज्याने मध्येच तीन-चार पातळ्या दुसऱ्या वर्गात घेतल्या आहेत त्याला तो दिवस बहुधा दिसत नाही.

डीएमने तिसऱ्या जागी डिफेंडर ठेवली असेल तर तिच्यावर फार वेळ घालवू नये. +३ मधला हवा तितका भाग वारातून काढून एसीमध्ये टाकण्याची सोय चांगली आहे, पण दर फेरीला तो हिशेब करायचा कंटाळा दुसऱ्या आठवड्यातच येतो.

लक ब्लेडची गोष्ट निराळी आहे. ती शस्त्र म्हणून घ्यायचीच नाही. तिला वर्गाची अट नाही, आणि तलवार नुसती अंगावर बाळगली तरी सर्व सेव्हवर +१ आणि दिवसातून एकदा नापसंत फासा पुन्हा टाकायची मुभा मिळते, म्हणून ती कमरेला लटकवून कधीही न उपसणाऱ्या विझार्डलाही लाभते. खरे आकर्षण तिच्यात साठवलेल्या विश, म्हणजे इच्छापूर्तीच्या, मंत्राचे आहे. चार्ज किती, म्हणजे तो किती वेळा टाकता येईल, हे चार बाजूंच्या फाशातून एक वजा करून ठरते : सरासरी दीड, जास्तीत जास्त तीन, आणि दर चार तलवारींमागे एक पूर्ण रिकामी. रिकाम्या लक ब्लेडसाठी होली अव्हेंजर सोडणे हा शुद्ध तोटा आहे, म्हणून निवड सांगण्याआधी वस्तू ओळखायचा आयडेंटिफाय मंत्र टाकायची परवानगी डीएमकडे मागावी; त्यातून चार्जचा आकडा कळतो, आणि मंत्र रिच्युअल म्हणून, म्हणजे सावकाश विधीने, टाकला तर स्लॉटही (मंत्रांच्या रोजच्या कोट्यातला एक) खर्च होत नाही. दोन किंवा तीन चार्ज निघाले आणि गटात पॅलाडिन नसेल, तर मी व्हॉर्पलकडे वळूनही न पाहता हीच उचलेन.

विश वापरताना मात्र हाव आवरावी. मनाला येईल ते मागितले तर अर्थ लावण्याचे स्वातंत्र्य डीएमला मिळते, अंगातली ताकद काही दिवस ३ वर येते आणि पुन्हा कधीही विश टाकता न येण्याची ३३ टक्के शक्यता ओढवते. तसे झाले तर तलवारीत चार्ज उरूनही त्या माणसाला त्यांचा उपयोग नाही. याउलट आठव्या किंवा त्याखालच्या पातळीचा कोणताही मंत्र तिच्यातून टाकला तर यांतले काहीच होत नाही, आणि साहित्यही लागत नाही. जो गट सतराव्या पातळीच्या आत आहे, ज्याच्याकडे क्लेरिक (पुरोहित) नाही आणि ज्याचा एखादा सोबती मागच्या महिन्यात मारला गेला आहे, त्याच्यासाठी याचा अर्थ हजार सुवर्णनाण्यांच्या हिऱ्याशिवाय सातव्या पातळीचे रिझरेक्शन (मृताला जिवंत करणारा मंत्र) असा होतो. फक्त त्या मंत्राला मृताचा स्पर्श लागतो, तेव्हा तलवार निवडण्याआधी त्याचा देह कोणाकडे आहे हे गटात एकदा विचारून घ्यावे.