प्रश्नावलीचे जपानी रूपांतर करून घेताना: ठाण्यातील एका भाषांतर कार्यालयाचा अनुभव

ठाणे पश्चिमेला, स्थानकापासून पायी दहा-बारा मिनिटांवर, नौपाड्यातील एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हे कार्यालय आहे. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत येणाऱ्या जपानी यंत्रांच्या माहितीपुस्तिका इंग्रजीत आणि क्वचित मराठीत आणून देणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय, आणि त्या कामात त्यांचा हात चांगला बसलेला आहे, हे भिंतीला लागून रचलेल्या फायलींवरूनच कळते. मी मात्र निराळे काम घेऊन गेले होते. मानसशास्त्रीय प्रश्नावली एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आणण्याची प्रक्रिया पहिल्या पायरीपासून करून दाखवणे हा माझ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातील प्रकल्प होता. जपानी मी कामापुरती शिकले असल्याने ती भाषा निवडली. पण स्वतःच भाषांतर करून स्वतःच ते तपासणे या प्रक्रियेत बसत नाही. पुढे तक्रारही लिहायची असल्यामुळे कार्यालयाचे नाव देत नाही.

प्रश्नावली वजनावरून होणाऱ्या हेटाळणीविषयीची आहे. लोक नावे ठेवतात तो एक भाग झाला. ती नावे माणूस हळूहळू स्वतःच खरी मानू लागतो, हा दुसरा. हा दुसरा भाग मोजणारी 11 विधानांची मापनश्रेणी डर्सो आणि लॅटनर यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केली. ती जादा वजनाच्या व्यक्तींसाठी होती. 2014 मध्ये पर्ल आणि पुल यांनी तिचे शब्द बदलून ती कोणत्याही वजनाच्या माणसाला देता येईल अशी केली, आणि मी हीच सुधारित आवृत्ती घेतली. कारण ‘जादा वजन’ म्हणजे नेमके किती, इथूनच जपानीत अडचण सुरू होते. जागतिक आरोग्य संघटना बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) 30 किंवा त्याहून अधिक असला की लठ्ठपणा धरते, जपानमध्ये 25 पासूनच ‘हिमान’ म्हणतात (आपल्याकडच्या तज्ज्ञांनीही 2009 मध्ये भारतीयांसाठी 25 हीच रेषा आखली). शिवाय 2008 पासून तिथे 40 ते 74 वयाच्या लोकांची आरोग्य तपासणीत कंबर मोजली जाते आणि पुरुषांना 85, तर स्त्रियांना 90 सेंटिमीटरची मर्यादा लावली जाते. त्यामुळे ‘मेताबो’ (‘मेटाबॉलिक सिंड्रोम’चे लघुरूप) हा वैद्यकातला शब्द थट्टेत येऊन बसला आहे. ‘हिमान’ म्हटले की दवाखाना आठवतो, ‘देबू’ म्हटले की अपमान होतो आणि ‘पोच्चारी’ म्हटले की गुटगुटीत. आपल्याकडे एखादीला ‘तब्येत सुधारली हं!’ असे म्हटले जाते तेव्हा ते कौतुक असते की टोमणा, हे ज्याला ओळखता येते त्यालाच असल्या प्रश्नावलीचे भाषांतर करता येईल.

या कामाची रीत ठरलेली आहे. दोन भाषांतरकारांनी एकमेकांना न विचारता भाषांतर करायचे, त्या दोन्हींचा मेळ घालून एक मसुदा करायचा, मग मूळ मजकूर कधीही न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीने तो मसुदा पुन्हा मूळ भाषेत आणायचा आणि दोन्ही इंग्रजी पाठ शेजारी ठेवून पाहायचे. उलट भाषांतराची ही पद्धत ब्रिस्लिन यांच्या 1970 च्या लेखापासून रूढ झाली आहे. हे सारे मी एका पानावर लिहून दिले होते आणि मालकांनी मान डोलावून ते पान फाईलला लावलेही होते.

आठ दिवसांनी उलट भाषांतर हाती आले ते मुळाशी शब्दाला शब्द जुळणारे. मुळात एका ठिकाणी स्वल्पविराम जरा विचित्र जागी पडलेला आहे. तोही जपानीत जाऊन जसाच्या तसा परत आला होता. मी विचारले तेव्हा मालक मोकळेपणाने म्हणाले, “मॅडम, मूळ दिलं नाही तर चूक झालेली त्याला कळणार कशी? आमच्याकडे दोन्ही कागद सोबतच देतात.” यंत्राच्या पुस्तिकेत हे बरोबरच आहे, कारण तिथे चुकीचा आकडा थेट कामगाराच्या बोटांवर येतो. इथे मात्र चूक दिसावी म्हणूनच तो माणूस नेमलेला असतो. अर्धा तास वाद झाला, शेवटी त्यांनी दुसऱ्या भाषांतरकाराकडून हे काम नव्याने आणि विनाशुल्क करून दिले. त्यांच्या बाजूने हे नोंदवायलाच हवे.

या दुसऱ्या फेरीत खरे काय ते बाहेर आले. शेवटच्या विधानाचा आशय असा आहे की, माझे वजन पाहता कुणा आकर्षक व्यक्तीला माझ्याशी प्रेमसंबंध का ठेवावेसे वाटतील हे मला समजत नाही. जपानी मसुद्यात ‘त्सुकिआउ’ हे क्रियापद होते. त्याचा अर्थ प्रेमात असणे असाही होतो आणि नुसती ऊठबस ठेवणे असाही होतो. उलट भाषांतरात दुसरा अर्थ आला आणि प्रेमाचा प्रश्न शेजारधर्माचा होऊन बसला.

त्याहून खोल भानगड ‘वजनामुळे’ या साध्या शब्दाची निघाली. हा शब्द 11 पैकी बऱ्याच विधानांत आहे. जपानीत ‘मुळे’ सांगण्याचे अनेक मार्ग आहेत: ‘ओकागे दे’ म्हटले की उपकाराचा भाव येतो आणि ‘सेइ दे’ म्हटले की दोष येतो. मराठीत ‘वजनामुळे’, ‘वजनाच्या कृपेने’ आणि ‘वजनापायी’ यांत जो फरक आहे, साधारण तोच. पहिल्या भाषांतरकाराने सगळीकडे ‘सेइ दे’ घातले होते, आणि जपानी म्हणून ते सहज वाचले जात होते. पण वजनाला दोष देता का, हेच जिथे विचारायचे आहे तिथे तो दोष प्रश्नातच घालून ठेवला होता. दुसऱ्याचे ‘तामे नि’ तटस्थ होते, पण त्यातून ‘वजनासाठी’ असाही अर्थ निघू शकतो.

हा पेच सोडवला तो कार्यालयातील ज्येष्ठ तपासनीस बाईंनी. त्या बरीच वर्षे नागोयात राहून आल्या आहेत आणि आठवड्यातून तीनच दिवस येतात. त्यांनी पेन्सिलीने दोन्ही शब्दांखाली रेघ मारली, थोडा वेळ मजकूर मनाशी पुटपुटला आणि ‘रियू दे’, म्हणजे ‘वजन या कारणाने’, असे वर लिहिले. “थोडं रुक्ष वाटेल, पण कुणाची बाजू घेत नाही,” एवढेच त्या म्हणाल्या. स्वतःचा तिरस्कार वाटण्याच्या विधानासाठीही ‘जिको केन्’ओ’ हा जपानी माणसाच्या बोलण्यातला शब्द त्यांनीच सुचवला. त्याआधी तिथे ‘किराई’ होते, आणि ते कारल्याची भाजी नावडण्यालाही चालते.

पहिल्या विधानाची गंमत वेगळी. सुधारित आवृत्तीत त्याचा आशय ‘माझ्या वजनामुळे मी इतरांइतकीच सक्षम आहे’ असा काहीसा होतो, आणि तो मराठीत जितका अडखळतो तितकाच जपानीतही अडखळतो. भाषांतरकाराने सद्‌भावनेने तिथे ‘वजन कितीही असले तरी’ असे करून टाकले होते. हे विधान बाकीच्यांशी नीट जुळत नाही म्हणून अनेक संशोधक ते वगळून 10 विधानांवरच गुण काढतात, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण मुळातला खड्डा न सांगता बुजवणे हे भाषांतरकाराचे काम नाही. खाली टीप दिली असती तर मी त्याचे आभार मानले असते.

उत्तरांच्या पट्टीत 1 ते 7 आकडे आहेत. मधल्या 4 वर ‘वाकारानाई’, म्हणजे ‘माहीत नाही’, असे छापले होते. हवे होते ‘दोचिरा तोमो इएनाई’, म्हणजे ‘धड हेही म्हणता येत नाही, तेही नाही’. माहीत नसणे आणि दोन्हींच्या मध्ये असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जपानी उत्तरदात्यांचा कल मधला आकडा निवडण्याकडे अधिक दिसत असल्यामुळे तिथली चूक सर्वांत महागात पडली असती. शिवाय ‘वजनविषयक पूर्वग्रह’ हे शीर्षक त्यांनी पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत दिले होते. ते वाचून कोण मोकळेपणाने उत्तर देईल? ते मी काढायला लावले.

तयार मसुदा लोकांना वाचायला देऊन ‘यातून तुम्हाला काय समजले?’ असे एकेकाला विचारण्याची पायरी हे कार्यालय करत नाही. ती तुम्हालाच करावी लागेल, आणि ती जपानमध्ये राहणाऱ्या लोकांबरोबर करावी. इथे वर्षानुवर्षे राहिलेल्यांच्या कानाला इंग्रजी वळणाचे जपानीही खटकेनासे झालेले असते.

दर शब्दावर आहे, पण छोट्या कामाला किमान शुल्क लागते आणि प्रश्नावली नेहमी छोटीच असते, त्यामुळे हिशेब महाग वाटतो. त्यात प्रमाणपत्र आणि शिक्क्याचे वेगळे पैसे मागतात. ते देऊ नयेत, संशोधनात त्या शिक्क्याला कोणी विचारत नाही. त्याऐवजी तपासनीस बाईंचे दोन तास मागून घ्यावेत आणि त्या ज्या दिवशी असतील त्याच दिवशी जावे. मूळ मजकूर उलट भाषांतरकाराला दाखवणार नाही, असे कामाच्या मागणीपत्रावरच लिहून घ्यावे. तोंडी सांगितलेले तिथे टिकत नाही.

बिल पाहूनच पैसे भरावेत. माझ्या बिलावर कामाचे स्वरूप ‘यंत्र माहितीपुस्तिका, 2 पाने’ असे होते आणि ते दुरुस्त करून मिळायला आणखी आठवडा गेला.